सातशे सदतीस की तीनशे वीस

दिगूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "नक्की?" पलीकडे त्यांची बायको मालतीताई, माझ्या बायकोची थोरली बहीण. नवरा गेल्याचं सांगणाऱ्या बाईला कोणी असं विचारतं का? पण मी विचारलं. सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली माझी. ड्रायव्हर म्हणाला कांदा, की माझा हात ताडपत्रीखाली गेलाच. हा हात घरी आल्यावरही थांबत नाही, असं शोभा, माझी बायको, म्हणते. त्या सकाळी गंगापूर रोडच्या त्यांच्या घरी पोचलो, भाऊंना चादरीखाली निजलेलं पाहिलं, तरी मनात आलंच, काल संध्याकाळी तर गच्चीवर होते म्हणे... आता दीड महिना झाला. खात्री पटली आहे. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागेल, आणि ते मी सात वर्षं टाळलं.

दिगूभाऊ माझे साडू. साडू-साडूंचं नातं म्हणजे सासुरवाडीच्या पंगतीत शेजारी बसायचं आणि एकमेकांच्या पानात काय वाढलं ते तिरक्या डोळ्याने बघायचं. ते सातपूरच्या कारखान्यात फिटर होते, माझ्याहून पगार कमी, पण सासऱ्यांचे लाडके. नव्वदच्या सुमाराला त्यांनी कुठूनशी एक जुनी दुर्बीण मिळवली आणि रोज संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसायला लागले. मुंबईकडे उतरणारी विमानं नाशिकवरून जातात. ती बघायची, आणि लांब वहीत वेळ, दिशा, विमानाचा प्रकार लिहायचा. एवढंच. माझा अर्थातच विश्वास बसला नाही. धडधाकट माणूस रोज तासभर दुर्बीण घेऊन बसतो तो विमानांसाठी? समोरच्या इमारतीत कोण राहतं, याची मी गुपचूप चौकशी केली. एक पेन्शनर जोडपं आणि एक क्लासवाले सर निघाले.

मग संशयाने दुसरी वाट धरली. इतक्या उंचावरचं विमान यांना ओळखू तरी कसं येतं? नुसत्या थापा असणार. एका रविवारी भाऊंनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि घोटीच्या पुढे, भातखाचरांच्या वरच्या टेकाडावर नेलं. तिथे विमानं जरा खाली आलेली असतात. "हे बघा सुभाषराव," दुर्बीण माझ्या हातात देत ते म्हणाले, "सातशे सदतीस आणि तीनशे वीस, दोन्ही विमानं दोन इंजिनांची, अंगानेही सारखीच. फसायला होतं ते इथेच. आधी शेपटीच्या मुळाशी बघा. पाठीवरून शेपटी सरळ उभी राहिली तर तीनशे वीस. आधी थोडी चढण घेऊन मग उभी राहिली तर सातशे सदतीस. आता पोट बघा. सातशे सदतीस चाकं पोटात घेतं, पण त्यावर झाकण नसतं. हवा स्वच्छ असेल तर दोन काळे ठिपके दिसतात." मला ना चढण दिसली, ना ठिपके. मी म्हटलं, "दिसले." ते हसले.

त्यांचा एक नियम होता. दोन खुणा दिसल्याशिवाय वहीत नाव लिहायचं नाही. शेपटी दिसली, पोट ढगात गेलं, तर प्रश्नचिन्ह. त्यांच्या वह्यांत प्रश्नचिन्हंच जास्त होती, आणि मला ते हास्यास्पद वाटे. एकदा माझा नाक्यावरचा सहकारी औरंगाबादहून मुंबईला विमानाने गेला. परतल्यावर मी त्याच्याकडून विमानाचा प्रकार काढून घेतला, वेळ जुळवली आणि तडक भाऊंच्या गच्चीवर गेलो. वहीत त्या वेळेला प्रश्नचिन्ह! मी विजयी वीरासारखा म्हणालो, "सातशे सदतीस होतं. आत बसलेल्या माणसानं सांगितलंय. लिहा आता." भाऊ म्हणाले, "त्याने पाहिलं, मी नाही पाहिलं. माझ्या वहीत कसं लिहू?" आणि प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं. मला तेव्हा या माणसाचा खराखुरा राग आला. मी आयुष्यभर एका खुणेवर ट्रक अडवले होते. निम्म्यांत चोरीचा माल सापडला, निम्म्या ड्रायव्हरांनी शिव्या दिल्या, मी दोन्ही पचवलं. आणि हा फिटर स्वतःच्या डोळ्यांनाही पुरावा मागत होता.

दोन हजार एक सालच्या शेवटी सगळेच विमानांच्या नावाने धास्तावलेले होते. नाक्यावर चहा पिताना ओळखीच्या एका हवालदाराला मी म्हणालो, "आमच्या साडूकडे या. जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येक विमानाची यादी आहे, वेळेसकट, दुर्बिणीतून काढलेली." थट्टेत म्हणालो, असं मी स्वतःला सांगत आलो. थट्टा नव्हती ती. त्या वहीची कोणीतरी बाहेरच्या माणसानं झडती घ्यावी, असं मला कुठेतरी वाटत होतं.

चारच दिवसांत दोन पोलीस घरी आले. सभ्यपणे बोलले, पण वह्या आणि दुर्बीण घेऊन गेले, आणि भाऊंना तीन वेळा चौकीत बसावं लागलं. सगळ्या इमारतीने पाहिलं. महिन्याभराने सामान परत आलं, प्रकरण तिथेच संपलं. पण ज्याला त्याला एकच प्रश्न, सांगितलं कोणी? मालतीताईचा संशय खालच्या मजल्यावरच्या शिरोडेंवर गेला. शिरोडे मूळचे सटाण्याकडचे, विधुर, एकटे राहणारे. गच्चीवर खुर्ची सरकवल्याचा आवाज होतो म्हणून त्यांनी एकदा तक्रार केली होती. बस्स, तेवढं पुरलं. ताईने त्यांच्याशी बोलणं तोडलं, दिवाळीचा फराळ बंद झाला, बाकीच्या बिऱ्हाडांनीही तोंड फिरवलं. आणि मी? मी ताई-भाऊंच्या सोफ्यावर बसून म्हणालो, "एकटा माणूस, करायला काही नाही, असंच करणार." हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. भाऊ माझ्या समोर बसले होते, भुईमुगाच्या शेंगा फोडत. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतरही मी त्यांच्याकडे जात राहिलो, जेवत राहिलो. दर वेळी वाटायचं, यांना ठाऊक आहे. वाढताना ताई जरा थांबली तरी मी घाईने पुरे म्हणायचो. भाऊ पुन्हा गच्चीवर बसू लागले होते, पण घोटीला कधी गेले नाहीत. आणि मी बसलेलो असलो की वही बंद करून ठेवत. मला वाटे, मुद्दाम करतात. कदाचित नसतीलही करत. सात वर्षं मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर खूण शोधली. मिळाली नाही.

गेल्या रविवारी ताईकडे गेलो. ती कपाट आवरत होती. मी विचारलं, "ताई, त्या पोलिसांच्या प्रकरणात भाऊंनी कधी कोणाचं नाव घेतलं?"

"छे हो. मी शंभरदा म्हटलं, खालच्या शिरोड्यानेच केलं. तर म्हणायचे, तुझ्याकडे एकच खूण आहे. दुसरी आण, मग बोल. माझं न ऐकता दर दिवाळीला स्वतः ताट घेऊन खाली जायचे. शिरोडे दार उघडायचे नाहीत. मग ताट तसंच परत आणायचे."

मला बसवेना. मी सांगून टाकलं. नाका, चहा, हवालदार, सगळं. ताईने हातातले कपडे कपाटात ठेवले. मग म्हणाली, "सात वर्षं माझ्या हातचं जेवलात तुम्ही, सुभाषराव." आवाज चढला नव्हता. तिने कपाटाचं दार लावलं. "मला काय सांगताय? खाली जा."

एक जिना उतरायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. शिरोडेंनी साखळी न काढता दार किलकिलं केलं. फार थकले आहेत. मी फटीतूनच सगळं सांगितलं. मला वाटलं दार आपटतील. त्यांनी ते आपटलं नाही.

"मंग ते ताट घेऊन का यायचे?" त्यांनी विचारलं. "मला वाटायचं, माझ्या तोंडून कबूल करून घ्यायला येतात. म्हणून मी दार उघडलं नाय कधी."

"तुमच्यावर त्यांचा संशय नव्हता," मी म्हणालो. "एक दिवसही नव्हता."

शिरोडेंनी दार लोटून घेतलं. मग साखळी निघाल्याचा आवाज आला. पण ते मला आत या म्हणाले नाहीत. बाहेर आले आणि कठड्याला धरून, एकेक पायरी चढत, वर ताईच्या दाराकडे गेले.