भुवईवरचे इंग्रजी

"आधी दात बगू द्या, बाई," असे म्हणून मामा कागदाचा कपटा हातात घेत, हनुवटी उचलून तो डोळ्यांपासून लांब धरत आणि अंगठ्याच्या नखाने एकेक अक्षर मोजत. जनावरांच्या बाजारात बैलाचा ओठ वर करून वय पाहतात, तसे ते इंग्रजी शब्दाचे वय पाहत. 'मिल्क' चारदाती निघाला तेव्हा त्यांना समाधान वाटले. 'कॉटन' सहादाती, म्हणजे ऐन कामाचा. 'वॉटर'पाशी मात्र ते अडले.

"दात जोडीजोडीनं येत्यात, पाच दातांचा बैल नसतो, बाई. हे जनावर खोटं हाय."

"मामा, तो शब्द आहे."

"आसंल. पन विकनाऱ्यानं इंग्रजाला फशिवलंय."

'थर्मामीटर'चे दात त्यांनी दोनदा मोजले. मग म्हणाले, "हे काय एक जनावर न्हाई. जोडी हाय, गाडीसकट."

हे गृहस्थ घोडेगावच्या बाजारात तीस वर्षे बैलांचे दलाल होते. बहात्तरच्या दुष्काळात बाजारात बैल विकायला येत, घ्यायला कोणी येत नसे. मामांनी दलाली सोडली आणि आमच्या दूध शीतकरण केंद्रात रोजंदारीवर बाटल्या धुवायला आले. मी त्या केंद्रातली केमिस्ट. वय बावीस, बीएस्सी पहिल्या वर्गात, आणि वर्षभरात पुण्याला एमएस्सीला जायचे हा ठाम बेत. तो बेत मी केंद्रात कोणालाही सांगितला नव्हता. केडगावहून सकाळच्या एसटीने यायचे, दुधातली स्निग्धता तपासायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचे, एवढाच माझा तिथला संबंध असेल, असे मी गृहीत धरले होते.

मग वरून कागद आला. प्रयोगशाळेत परिचराची एक कायम जागा भरायची होती. मुंबईहून येणाऱ्या रसायनांच्या बाटल्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या असत, म्हणून उमेदवाराला तीस इंग्रजी शब्द वाचता आले पाहिजेत. महिन्याभराने पुण्याचे साहेब येऊन परीक्षा घेणार होते.

"नाही जमलं तर?" मी विचारले.

"तर खडी," मामा म्हणाले. दुष्काळी कामावर खडी फोडायला तेव्हा निम्मा तालुका जात होता. पंचावन्नाव्या वर्षी मामांना तिथे जायचे नव्हते, आणि मलाही त्यांना तिथे पाठवायचे नव्हते. एक तर, त्यांच्याइतक्या स्वच्छ बाटल्या कोणी धूत नसे.

मी पद्धतशीर कामाला लागले. चिठ्ठीवर शब्द लिहून दाखवायचा, मामांनी फळीवरून तो पदार्थ शोधून द्यायचा. मामा चिठ्ठी पाहत, मग माझ्याकडे तोंड करून फळीला समांतर सरकत आणि प्रत्येक बाटलीवरून सावकाश हात फिरवत. हात योग्य बाटलीवर येऊन थांबे. पहिल्या आठवड्यात दहा शब्द, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात तीसच्या तीस. माझ्या अध्यापनपद्धतीचा मला एवढा अभिमान वाटला की, कॉलेजातल्या माझ्या सरांना मी त्याविषयी चार पानांचे पत्र लिहिले.

पत्र पेटीत टाकले त्याच दुपारी मी पाठमोरी बसून नळ्यांत दूध भरत होते. मान न वळवता 'अमाइल अल्कोहोल'ची चिठ्ठी मी मागे धरली. मामांनी बाटली हातात दिली. ती नेहमीपेक्षा जड होती. मी वळून पाहिले. सल्फ्युरिक ॲसिड.

जो विज्ञान शिकला आहे, तो अशा वेळी ओरडत नाही, तक्ता आखतो. मी समोर तोंड करून दहा चिठ्ठ्या दाखवल्या. दहाच्या दहा बरोबर. मग भिंतीकडे तोंड करून त्याच दहा दाखवल्या. दोन बरोबर.

"मामा, हे काय आहे?"

"तुमी तिकडं तोंड केलं की माझं इंग्रजी बंद पडतंय," मामा शांतपणे म्हणाले. "तुमच्या उजव्या भुवईला समदं कळतं, बाई. हात बरोबर बाटलीवर आला की ती खाली बसती."

"म्हणजे तीन आठवडे तुम्ही माझी भुवई वाचत होता?"

"आमच्या धंद्यात गिऱ्हाईक बैलावर हात फिरिवतं, दलाल गिऱ्हाइकाच्या तोंडावर. घेनार का न्हाई, ते तोंड आदी सांगतं." मग जरा ओशाळून म्हणाले, "मला वाटलं, शिकनं म्हंजी ह्येच आसतं."

मला हसू फुटले, ते आवरेना. स्टुलावर बसून मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि मामाही हसले, कारण माझी भुवई त्यांना हसायला परवानगी देत होती. चार पानांचे पत्र तोवर नगरच्या वाटेला लागले होते.

परीक्षेला नऊ दिवस उरले होते.

"वजनावर वळखू का बाटल्या?" मामांनी सुचवले.

"अर्धी रिकामी झाली की काय कराल?"

मामांनी खांद्यावरचा पंचा काढून टेबलावर पसरला. "बाजारात तोंडावर भरवसा न्हाई आसं झालं, की आमी हे करतो." बैलाचा भाव ठरवताना दोघांचे हात कापडाखाली जातात आणि बोटे धरून आकडा सांगितला जातो, हे मी ऐकून होते. "तिथं तोंड कायबी बोलू द्या. बोटं खोटं बोलत न्हाईत. मला बोटानं शिकवा."

त्या रात्री केडगावला आईच्या कात्रीची मी पुरती वाट लावली. गाळणकागदाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून इंग्रजी अक्षरे कापली, प्रत्येकाच्या चार-चार प्रती. दुसऱ्या दिवसापासून पंच्याखाली मी शब्द मांडू लागले आणि मामा खाली हात घालून चाचपू लागले. डोळे छताकडे, ओठ हलताहेत, कपाळावर घाम. मी खिडकीकडे तोंड करून उभी. बाहेर दुधाचे कॅन घेऊन आलेली मंडळी थबकून बघत. "मामा, कुनाचा बैल ठरतोय?" कोणी विचारी. "इंग्रजाचा," मामा म्हणत. "लई ताणतोय."

हळूहळू अक्षरे बोटांतून डोळ्यांत चढली. एकच गोष्ट मी त्यांना रोज घोकायला लावली: न येणारा शब्द येत नाही म्हणायचे, ॲसिडशी अंदाज करायचा नाही.

साहेब आले ते काळा चष्मा घालून. चेहरा असा की, त्यावर माशीदेखील बसण्यापूर्वी परवानगी घेईल. मामांनी एकवार त्यांच्याकडे पाहिले आणि या तोंडावरचा बाजार उठला असे समजून मान हलवली. मग खांद्यावरचा पंचा उजव्या हातावर टाकला. मी न सांगता खिडकीकडे तोंड केले. माझ्या भुवईची त्या दिवशी मला खात्री नव्हती.

पुढचे सगळे मी फक्त ऐकले. साहेब एकेक चिठ्ठी पुढे करत होते, मामा वाचत होते.

"मिल्क." "सोप." "कॉटन." "आयोडीन." मध्येच साहेबांचा आवाज, "पंच्याखाली काय आहे?" मामांचा आवाज, "हात हाय, साहेब." पंचा उचलल्याचा आवाज. हातच होता, एक बोट आपल्याच तळव्यावर अक्षर गिरवत होते, असे मामांनी मागाहून सांगितले. "सॉल्ट." "वॉटर," आणि त्यापाठोपाठ हलक्या आवाजात, "खोटं जनावर." एकोणतीस शब्द झाले. मी बोटांवर मोजत होते.

तिसाव्याला मामा अडले. बाहेर कॅन आपटला.

"अंदाजाने सांगा," साहेब म्हणाले.

माझी मान वळू लागली होती. मी खिडकीचा गज घट्ट धरला.

"न्हाई साहेब," मामा म्हणाले. "अंदाजानं बैल घेता येतो. ही बाटली न्हाई. ह्यो शब्द मला येत न्हाई."

बराच वेळ कागदावर पेन चालल्याचा आवाज येत राहिला. मग साहेब म्हणाले, "असा माणूस ॲसिडपाशी पाहिजे." मी वळले तेव्हा मामा पंच्याने तोंड पुसत होते, जरा जास्तच वेळ.

जूनमध्ये मला शिष्यवृत्ती मिळाली. निघायच्या दिवशी मामा केडगावला आले आणि माझी पेटी घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत चालले. आता ते कायम परिचर होते, खिशाला पेन होते. मी म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत केंद्रावर येईन, मामा. नक्की."

मामांनी माझ्याकडे पाहिले. भुवईकडेच पाहिले असावे; ती खाली बसली नसावी. गाडी धूळ उडवत येत होती.

"बाई," ते म्हणाले, "जरा तिकडं तोंड करून बोला."

मी गाडीकडे तोंड केले आणि म्हणाले, "येईन."

"व्हय," मागून मामांचा आवाज आला. "आता पटलं."

मी ऐकलेले त्यांचे ते शेवटचे शब्द. त्या दिवाळीला मी गेले नाही, आणि पुढच्याही नाही.