एकट्याचं ताट

सिहोऱ्यात सत्तार पिंजाऱ्याच्या गाद्यांना नाव होतं, पण त्याच्या जेवणाची तऱ्हा गाद्यांहून जास्त गाजलेली. बायको हलिमा गेल्यापासून हा माणूस एकटा जेवत नसे. दिवस मावळला की चुलीवरची हंडी उतरवायची, दारात यायचं आणि कुंपणापलीकडे हाक द्यायची, "केवळरामभाऊ, ये बा, भात झाला."

केवळराम शेजारचा धानवाला कास्तकार. सत्तारच्या हंडीतलं तो खात नसे. घरून मूठभर मुरमुरे धोतराच्या सोग्यात बांधून आणी. सत्तार भात कालवी, हा मुरमुरे चघळी. दोघांच्या तोंडात घास असला की झालं सोबतचं जेवण. हलिमा सांगायची, हुजूर पैगंबरांचं बोलणं आहे : एकटा जेवतो त्याच्या ताटात सैतान हात घालतो.

केवळरामची बायको गुणाबाई कुरकुरे, "तुमाले घरी बसवत नाई का जी?"

"त्याच्या धरमात हाय बाई. मी नाई गेलो त उपाशी निजते तो. पाप कोनाले लागन?"

धर्म म्हटला की गुणाबाई गप्प.

अठ्ठ्याहत्तर साली मशिदीत नवे मौलवी आले. जवान, बोलायला मऊ. पण कोणी हदीस, हुजूरांचं वचन म्हणून, सांगितली की विचारायचे, सनद काय? म्हणजे कोणी कोणाकडून ऐकली, थेट हुजूरांपर्यंत कडीला कडी लागते का. म्हाताऱ्यांना ते झोंबलं. आमचे बापजादे खोटे होते का मग? एका जुम्म्याला नमाजनंतर यावरूनच जुंपली, आणि म्हाताऱ्यांनी सत्तारला पुढं ढकललं. सांग रे तुझी ती जेवणाची.

सत्तारनं सांगितली. मौलवी हसले नाहीत.

"चाचा, कोणाकडून ऐकली?"

"घरवालीकडून."

"त्यांनी कोणाकडून?"

हलिमानं ही गोष्ट पहिल्यांदा कधी सांगितली ते सत्तारला लख्ख आठवलं. नव्या लग्नाचे दिवस. खांद्यावर धुनकी टाकून तो सानगडीपर्यंत कापूस पिंजत हिंडे, आणि गावात आला तरी चौकातच गड्यांसोबत भजी हाणून घरी येई. ती झाकल्या ताटाशी बसलेली. एका सांजेला भांडली नाही, रडली नाही. हुजूरांचं नाव घेऊन एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो घरी जेवू लागला.

"तिच्यापाशीच संपते जी ते," तो म्हणाला.

मौलवींनी आवाज आणखी उतरवला. "मिळून जेवण्यात बरकत आहे, चाचा. पण ही सैतानाची गोष्ट मला कुठं सापडली नाही. कुराणात तर साफ आहे, मिळून जेवा की वेगळे, गुनाह नाही. आता कळल्यावर हुजूरांच्या नावावर ती सांगू नका. अल्लाह बीबींना माफ करो."

म्हातारे फणफणत उठून गेले. सत्तार चटईवर बसून राहिला. केवळरामला कोण सांगायला येणार होतं? हाक दिली की तो येणारच. पण आता ती हाक म्हणजे हुजूरांच्या तोंडी घातलेलं खोटं. त्या संध्याकाळी केवळराम सोग्याची गाठ सोडत असताना त्यानं सगळं सांगून टाकलं.

"मंग एकट्यानं जेवलं त पाप नाई?"

"नाई."

"आन वहिनी तसं काहून म्हने?"

"तिले सोबत पायजे होती."

केवळरामनं हातातले मुरमुरे परत सोग्यात टाकले. "हे मले कायले सांगतलं बा तू? आता मी घरी का सांगू?"

"सांग, सत्तारले सोबत पायजे म्हून."

केवळराम कसनुसा हसला. "बुढे झालो आपन. असं कोनी सांगते का घरी?"

पुढं दोन-चारदा आला, घाईघाईनं, पाठीमागं बघत. मग धानाची मळणी लागली. मळणी संपली तरी सोगा मोकळाच राहिला. कुंपणापाशी भेटला की विचारी, "जेवला का?" सत्तार म्हणे, "हो जी." 'जी' दोघांत पूर्वी नव्हता.

आता हंडी उतरली की सत्तार दारात येतो, हाक देत नाही, परत फिरतो. पहिल्या दिवशी बिस्मिल्ला म्हणून त्यानं भात कालवला, ताटाशेजारी सवयीनं केवळरामपुरती बसायला जागा ठेवली आणि हळूहळू जेवला. सैतान आला नाही. कोणीच आलं नाही.