गुन्हा पृथ्वीचा

नानामामा गेल्याचा फोन आबामामांनी केला. "भाचा, नाना गया… लवकर ये, नहीतर उठीसन म्हनी, उशीर काबर कया?" एवढं बोलून ते हुंदके द्यायला लागले. आबा म्हणजे नानांचे धाकटे सख्खे भाऊ. शिंदखेड्याजवळ दोघांची शेतं लागून, आणि मधल्या बांधावरून कित्येक वर्षं अबोला! "आबानं बांध माझ्या रानात सरकवला," हे नाना लग्नाला गेले की सांगत, बारशाला गेले की सांगत. एकदा तर बोहल्यावरच्या नवरदेवाच्या कानात सांगून आले.

मग एका संशोधन संस्थेनं नानांच्या शेतातल्या काळ्या खडकावर खांब रोवला. वर पांढरी घुमटी, शेजारी सोलरची पाटी. गावाला वाटलं, मोबाइलचा टॉवर आला. लोक खांबाला टेकून हॅलो हॅलो करू लागले. शेवटी संस्थेच्या ताईंनी ओट्यावर बसून समजावलं: घुमटी उपग्रहांचे संदेश टिपते, त्यावरून खांबाची नेमकी जागा कळते, आणि दिसतं असं की, नखं वाढावीत तितक्या सावकाश आपली सगळी जमीन ईशान्येला सरकते आहे.

नाना ताडकन उठले. "ईशान्येला? अहो, आबाचं शेत नैर्ऋत्येला, माझं ईशान्येला. म्हणजे बांध आपोआप सरकला!"

"पण काका, बांधाबरोबर तुमचं शेतही सरकतंय ना…"

"पोरी, तू आधी भरीत खा," म्हणत नानांनी ताईंच्या ताटात एवढं भरीत वाढलं की विज्ञानाचं तोंडच बंद झालं. मग धुतलेली टोपी घालून ते बांधावर गेले आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असे ओरडले, "आबा! तुना गुन्हा नही! पृथ्वीना शे!"

पलीकडून आबा म्हणाले, "मंग तिले बी जेवाले बलाव."

त्या दिवसापासून दोघांचं जेवण एका ओट्यावर.

नानांच्या दहाव्याला आबांनी मला बाजूला घेतलं. "भाचा, बांध मीच सरकाडा व्हता."

"नानांना माहीत होतं?"

"व्हतं. म्हनीसन तर त्यानी गुन्हा पृथ्वीवर ढकली दिना…"

दुसऱ्या सकाळी आबा बांध मूळ जागी न्यायला फावडं घेऊन उतरले. पहिला घाव घालण्याआधी खाली वाकले, मातीला हात लावून कपाळी नेला आणि पुटपुटले, "माफ कर वं माय. तुनावर उगाच आळ उना."