चावीबरोबर विझणारा दिवा

संतपूरपासून जरा आत, माळाच्या कुशीला मोजक्या घरांची एक वाडी आहे. तिथली अनसाबाई मोटारसायकलला भ्यायची. गल्लीत गाडीचा आवाज शिरला, की तव्यावर टाकायची भाकरी तिच्या हातातच राहायची.

भिण्याला कारण होतं. तिचा नवरा रेवणसिद्धप्पा मेंढ्या विकून बाजारातून परतताना कुणाच्या तरी गाडीवर मागं बसला आणि घरी आलाच नाही. त्या सांजेला वाऱ्यानं देवापुढचा दिवा विझला होता. अनसाबाई अंधारात काडेपेटी चाचपत होती, तेवढ्यात माणसं दारात येऊन उभी राहिली. आधी दिवा विझला की आधी माणूस गेला, हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही. पण त्यानंतर तिच्या घरातला दिवा पुन्हा विझला नाही. ताटातली भाकरी अर्धी सोडून ती उठायची आणि समईत तेल घालायची.

लेक भीमाशंकर मोठा झाला, कामाला गावोगाव जाऊ लागला आणि त्यानं गाडी घेतली. अनसाबाई नको म्हणाली नाही. गाडीवर बिरोबाचा दिवा पाहिजे, एवढंच म्हणाली.

संतपूरच्या स्टँडापाशी गुरुबसव मिस्त्रीचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं मायलेक गाडी घेऊन गेली. मिस्त्रीनं एक इवलीशी प्लॅस्टिकची देवळी काढली. आत बिरोबाचं चित्र होतं आणि चित्रापुढं तांबडा दिवा. देवळी हँडलच्या मधोमध बसवून त्यानं एका वायरीला टेस्टर टेकवून दाखवला. चावी फिरवली की टेस्टर पेटायचा, चावी काढली की विझायचा. दिवा ह्याच वायरीला जोडायचा, म्हणजे गाडी बंद झाली की दिवाही बंद, असं तो सांगू लागला.

अनसाबाई पुढं सरकली. "देवाचा दिवा चावीनं विझवायलास व्हय, मिस्त्री?"

"देवाला झोप लागत न्हाई का, अक्का?" गुरुबसव हसत म्हणाला.

ती हसली नाही. पदर तोंडाला लावून बाकावर बसली, ती उठेचना. गुरुबसवनं परोपरीनं समजावलं. ह्या गाडीला किक नाही, नुसतं बटण आहे; थेट बॅटरीवर दिवा जोडला तर तो रात्रंदिवस बॅटरी पीत बसेल; गाडी कुठं आडरानात उभी राहिली तर काय करणार? भीमाशंकरला सगळं पटत होतं, पण आई बाकावरून हलत नव्हती. तो म्हणाला, "जाऊ द्या अण्णा, तिच्या मनासारखं करा." मग गुरुबसवनं मध्ये फ्यूज घालून वायर सरळ बॅटरीला नेली. गाडी रोज फिरवा, उभी ठेवू नका, एवढं मात्र त्यानं बजावलं.

त्या दिवसापासून अंगणात गाडीवरचा तांबडा ठिपका जळत राहिला. पहाटे अनसाबाई दार उघडायची, ठिपका बघायची आणि मगच चुलीकडं वळायची. लेक बाहेर असला, की तो ठिपका त्याच्यापुढं चालतोय असं तिला वाटायचं. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

तुरीची रास, म्हणजे मळणी, सुरू झाली आणि भीमाशंकर शेतातच मुक्कामाला गेला. गाडी अंगणातल्या लिंबाखाली कितीतरी दिवस उभी राहिली. दिवा मात्र जळतच होता.

रास घरी आल्यावर माळावरच्या बिरोबाला नैवेद्य न्यायचा होता. त्या दिवशी बटण दाबल्यावर गाडी आजारी माणसासारखी कण्हली, पण सुरू झाली. अनसाबाई मागं बसली. एका हातात नैवेद्याचं गाठोडं, दुसऱ्या हातात लेकाचा सदरा घट्ट धरलेला. वाट फार नव्हती. गाडी गाडीवाटेवर उभी करून ते देवापर्यंत चालत गेले. दोन्ही बाजूंना गुडघाभर कुसळी गवत वाळून पिवळं झालं होतं, वाऱ्यानं एका अंगाला लवत होतं.

परत येताना धूर आधी तिलाच दिसला. मावळतीकडून जमिनीलगत लोळत येत होता. लहानपणी मेंढरांमागं हिंडलेली ती बाई. माळ पेटला म्हणजे काय होतं हे तिला सांगावं लागत नव्हतं. एक ससा तिच्या पायाजवळून पळाला. त्यानं माणसाकडं बघितलंसुद्धा नाही.

भीमाशंकरनं बटण दाबलं. नुसती टिकटिक झाली. पुन्हा दाबलं. देवळीतला दिवा तेवढा मिणमिणत होता, वात संपत आल्यासारखा.

"गाडी सोड, भीमा. चल."

"तुझ्या गुडघ्यानं कुठवर चलशील, आय? नांगरट पार पल्याड हाय." त्याचा आवाज फाटला होता. "ढकलून सुरू व्हईल. तू मागून रेट."

ज्या गाडीला ती आजवर कधी आपण होऊन शिवली नव्हती, तिच्या मागच्या लोखंडाला तिनं दोन्ही तळवे लावले. आग आता ऐकू येत होती, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी तडतड. गाडी दगडावर अडली, सुटली, परत अडली. भीमाशंकर गिअर टाकून क्लच सोडायचा, गाडी हिसका देऊन थांबायची. अनसाबाईच्या छातीत श्वास मावेना. बिरोबाचं नाव घ्यावं म्हटलं तर तोंडाला कोरड पडली होती, नाव निघेना. तिनं डोळे मिटले आणि अंगातलं सगळं बळ तळव्यांत उतरवलं.

गाडी फुरफुरली आणि एकदम तिच्या हातांखालून निघून गेली. अनसाबाई तोंडघशी गवतात पडली.

वर बघितलं तर पुढं धूर होता, मागं धूर होता. गाडीचा आवाज लांब लांब चालला होता. अशाच आवाजावर बसून तिचा नवरा गेला होता. ती त्या आवाजाला कान लावून पडून राहिली. तो थांबला तर काय, आणि चालत राहिला तर काय, दोन्हींची सारखीच धडकी. गालाला आच लागू लागली.

मग आवाज वळला. धुरातून आधी गाडीचं चाक आलं, मग लेकाचं खोकणारं तोंड. एरवी गाडीवर बसायला तिला ओट्याचा आधार लागायचा. त्या दिवशी ती कशी चढली, हे तिचं तिलाच कळलं नाही.

नांगरटीच्या उघड्या ढेकळांत जळायला काही नव्हतं. तिथं पोचल्यावर दोघं मातीत बसून खोकत राहिली. गाडी उभ्यानं धडधडत होती. बंद करायची भीमाशंकरची छाती झाली नाही. वर माळ काळा होत चालला होता. अनसाबाई देवळीकडं बघत होती. इंजिन चालू असल्यानं दिवा पुन्हा लखलखीत झाला होता. मग हळूच म्हणाली, "माझ्याच दिव्यानं तुला जाळलं असतं की रे."

दुसऱ्या दिवशी गाडी परत ढकलून सुरू केली आणि ती चालूच ठेवून ते गुरुबसवच्या दारात आले. सगळं ऐकून त्यानं जीभ चावली. थट्टा त्याला सुचली नाही. अनसाबाईच म्हणाली, "चावीसंगं विझू दे."

त्यानं गाडी बंद केली, दिव्याची वायर बॅटरीवरून काढली, चावीनं चालणाऱ्या वायरीला जोडली आणि चावी अनसाबाईच्या हातात दिली. तिनं चावी फिरवली. दिवा पेटला. परत फिरवायला तिची बोटं वळेनात. लेक समोर उभा होता, त्याच्या तोंडाकडं बघत तिनं चावी मागं घेतली. दिवा विझला. भीमाशंकर उभाच होता. तिनं त्याच्या दंडाला हात लावून बघितला.

अजूनही ती भिते. सांजेला गाडी अंगणात आली, की ती पीठ लागलेल्या हातांनी बाहेर येते. भीमाशंकर इंजिन चालू ठेवून थांबतो. ती देवळीला हात जोडते, लेकाला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळते आणि मग म्हणते,

"आता काढ चावी."