रेकॉर्ड रूमचे जोगळेकर आणि आमचा नवा सर्च

मंडळी, आज ऑफिसात माझी चांगलीच जिरली.

आमच्या पंप बनवणाऱ्या कंपनीत एआयवाला सर्च आलाय. जुने सगळे कागद स्कॅन करून त्यात घातलेत. सकाळी एका साखर कारखान्याचा फोन आला. "तुमच्याकडून घेतलेला जुना पंप बंद पडलाय, ड्रॉइंग आजच हवं." मी पंपाचा नंबर टाकला. क्षणात शेकडो कागद आले, हवा तो सोडून.

दुपारी नाइलाजाने जोगळेकरांना फोन लावला. नव्वदच्या दशकात मी खडकीच्या ऑफिसात ट्रेनी होते, तेव्हा ते रेकॉर्ड रूम सांभाळायचे. काहीही मागा, चष्म्यावरून बघत विचारायचे, "कशाला हवंय?" मागण्याचं कारण चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. कॉम्प्युटर आले, ती खोली बंद झाली, तेव्हा आम्ही सुटलो म्हणालो होतो.

आजही फोनवर तेच. "कशाला हवंय?"

मी सांगितलं.

"अहो, मग नंबराने काय शोधताय? त्या कारखान्यासाठी पंपात बदल केला होता. ड्रॉइंग कारखान्याच्या नावाने लावलंय."

नाव टाकलं. पहिलंच ड्रॉइंग तेच. सोबत जोगळेकरांची तेव्हाची चिठ्ठीही स्कॅन झालेली. नेणाऱ्याचं नाव माझं. पुढे त्यांच्या वळणदार अक्षरात कारण: 'शिकायला.'

हेच ड्रॉइंग ट्रेनी असताना मी नेलं होतं, हे पार विसरले होते. नवा सर्च दिवसभर सगळं देत होता, पण कशाला हवंय ते त्याने एकदाही विचारलं नाही.

तुम्हाला 'कशाला हवंय?' असं शेवटचं कुणी विचारलं होतं?