दाढेचं बेचकं

"मावशी, दाढ वरून ठीक आहे. खाली बेचक्यात गडबड आहे," असं म्हणून नाशिकच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीशी धरला. फर्केशन इन्व्हॉल्व्हमेंट म्हणाल्या. म्हणजे दाढेची दोन मुळं जिथं फुटतात, तिथलं हाड झिजलेलं.

मी सायखेड्याची, द्राक्षाच्या छाटणीला जाते. बेचकं मला कळतं. आंब्याच्या बेचक्यात पाला साचतो, पाणी मुरतं, झाड तिथूनच कुजतं. माझ्या दाढेत काय साचलं होतं, ते सांगायची लाज वाटते. तंबाखूची मिश्री! लग्नापासून रोज दोनदा. लावली की ठणका थांबायचा, म्हणून आणखी लावायची.

डावीकडच्या दाढा आधीच काढलेल्या. चावायला उजवीकडची ही एकच. ही गेली की भाकरी गेली, उरला दुधातला काला. आणि मी अजून चाळिशीत!

बाई म्हणाल्या, "आधी मिश्री बंद. हिरड्या सुधारल्या तर सडलेलं मूळ कापून काढू, दुसरं वाचवू. नाहीतर अख्खी दाढ जाईल."

महिना कसाबसा काढला. डोकं उठायचं, पोट साफ व्हायचं नाही, घरात सगळ्यांवर खेकसायचे. थोरल्या जाऊबाई समोर बसून मिश्री लावायच्या. वाटायचं, डबी हिसकावून घ्यावी.

आता हसाल तुम्ही. महिना भरला, पुन्हा डॉक्टरकडे जायचं, तोंड स्वच्छ हवं, म्हणून त्या सकाळी मी मिश्रीनेच दात घासून गेले! बाईंनी तोंडात आरसा घातला, बाहेर काढला. "मावशी, आणखी एक महिना."

परतताना एसटीत रडले. जीव नुसता कंटाळला होता.

पुढच्या खेपेला हिरड्यांचं रक्त थांबलेलं होतं. आधी रूट कॅनाल झालं, म्हणजे मुळातली नस काढून पोकळी भरली. मग दाढ मधोमध कापून एक मूळ काढलं. भूल दिल्यामुळे दुखलं नाही, पण आवाजाने मी खुर्ची घट्ट धरून बसले. उरलेल्या अर्ध्या दाढेवर टोपी बसवली. डॉक्टरीणबाईंचे उपकार विसरणार नाही.

काही महिन्यांनी उजव्या बाजूनं बाजरीची भाकरी चावत होते. जाऊबाई बघत होत्या.

"अर्धीच ऱ्हायली की गं दाढ."

"अर्धी हाय म्हणून तर खाते, अक्का."

संध्याकाळी जाऊबाई दारात उजेडाला येऊन बसल्या आणि माझ्यापुढे तोंड उघडलं. "बघ गं, माझ्या बेचक्यात काय दिसतंय का."