मागचं दार

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायको गेली, तिलाही सांगितली नाही. मुलीला तर कशी सांगणार? तिचाच दिवस होता तो.

मी दोहातल्या एका संगीतसभागृहात एसीचं काम बघायचो. तिथे एक रशियन कंडक्टर दरवर्षी यायचा. तरुणपणी पियानो वाजवून नाव कमावलेलं, मग तो सोडून जुन्या वाद्यांच्या मागे लागला. हार्पसिकॉर्ड हे त्याचं खरं प्रेम – पियानोच्या आधीच्या काळातलं, तारा छेडून वाजणारं लाकडी वाद्य. त्यावर बसून तो वाजवायचा आणि मान हलवून अख्खा ऑर्केस्ट्राही चालवायचा.

वाद्य जुळवायला पावेल असायचा. माझ्याच वयाचा. तो आणि कंडक्टर तरुणपणापासून सोबत. पावेल माझ्याशी मोडक्या इंग्रजीत बोलायचा, चहात चार चमचे साखर घालायचा आणि म्हणायचा, "मी लाकडाचा डॉक्टर, तू हवेचा. तू चुकलास की माझा पेशंट मेला!" मी हसायचो.

सप्टेंबर होता. बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. दुपारी पावेल जुळवणी संपवून, माझ्या खांद्यावर थोपटून हॉटेलवर गेला. वाद्य स्टेजमागच्या थंड खोलीत. तिथे मोबाईलला रेंज नाही – आणि राजापूरला माझ्या मुलीचा साखरपुडा. व्हिडिओ कॉलची वेळ झाली. मी सामान आणायचं मागचं मोठं दार उघडलं, खुर्ची लावून अडवलं आणि उंबरठ्यावर उभा राहिलो. अंगठी घालताना पाहिली. मग मामा आला, आत्या आली, व्याही आले... "अहो, जरा हसा की!" असं बायको पलीकडून म्हणाली. मी हसलो. माझ्या पाठीमागे समुद्राची ती दमट हवा आत भरत होती, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. माझं कामच ते होतं.

रात्री कार्यक्रमात, हळू लयीच्या भागात, दमटपणाने फुगलेल्या लाकडात हार्पसिकॉर्डच्या पट्ट्या अडकल्या. दाबलेली पट्टी वर येईना. कंडक्टर थांबला. भरल्या सभागृहात त्याने झाकण लावलं आणि उरलेलं सगळं उभ्यानेच चालवलं.

नंतर सुपरवायझरने सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, एसी बंद किया था? दरवाज़ा खोला था?"

"नहीं साब. सब बंद था."

पावेलने माझ्याकडे पाहिलं. खोलीत शिरताच त्याने हवा ओळखली असणार – तरी तो बोलला नाही. का नाही बोलला? मी हवेचा डॉक्टर म्हणून? मग कंडक्टर त्याच्यावर रशियनमध्ये ओरडला. शब्द कळले नाहीत. पावेलची मान खाली गेली, ती कळली. मी तिथेच उभा होतो – एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. नोकरी जाईल, लग्न मोडेल, असं मनाशी म्हणत राहिलो. लग्न कशाला मोडलं असतं?

पुढच्या वर्षी कंडक्टर पावेलशिवाय आला. आणि वाद्याशिवायही. म्हणे, आता फक्त कंडक्टिंग. छापील कार्यक्रमपत्रिकेत त्याच्या नावापुढचा हार्पसिकॉर्ड गेला तो गेलाच.

आता मी दोहाजवळ अल वक्राला त्याच मुलीकडे राहतो. या हिवाळ्यात त्याचा कार्यक्रम होता, तिनेच तिकीट काढून दिलं. तो म्हातारा झालाय. संपल्यावर बाहेर त्याने मला ओळखलं, हात धरला, म्हणाला, "तुमची खोली नेहमी छान थंड असायची." मी 'थँक यू' म्हटलं.

थँक यू म्हटलं मी.

पावेल आहे की गेला, ठाऊक नाही. त्याची जुळवणी चोख होती. दार मी उघडलं होतं.